मोठ्यांचा बॅले क्लास : पहिल्या दिवसाआधी काय तयारी करावी?

कोकमसरबत

ठाण्यातल्या एका स्टुडिओत पुढच्या महिन्यात मोठ्या माणसांसाठी बॅलेची नवशिक्यांची बॅच सुरू होतेय. आठवड्यातून दोनदा, सव्वा तासाचा क्लास. वय ३६. पूर्वी भरतनाट्यम झालंय, पण मध्ये बरीच वर्षं खंड. बॅलेची पाटी कोरी.

स्टुडिओकडून "अंगाबरोबर बसणारे कपडे, बॅले शूज, केस वर बांधून" एवढाच निरोप आलाय. जाणकारांना प्रश्न असे:

१. शूज कोणते आणि कुठल्या मापाचे? लेदर, कॅनव्हास, फुल सोल, स्प्लिट सोल बघून डोकं चक्रावलं.
२. लिओटार्ड (धडाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख) घालायलाच हवा का?
३. पहिल्या दिवशी नेमकं काय करून घेतात? फ्रेंच शब्द पाठ करून जावं का?
४. महिना हातात आहे, घरी काय करू? स्प्लिट (दोन्ही पाय पूर्ण फाकवून बसणं) येत नाही, पाय कंबरेच्या वर जात नाही.

उंबरठा

शूज आणि कपड्यांचं मी सांगते, बाकीचं इथले इतर लोक सांगतीलच.

ऑनलाइन दुकानांत "बॅले शूज" या एकाच नावाखाली तीन वस्तू विकतात. एक, ऑफिसला घालायच्या बॅलेरिना चपला. दोन, पुढे कडक डबी असलेले सॅटिनचे पॉइंट शूज. तीन, मऊ सपाट स्लिपर. तुम्हाला तिसरी वस्तू हवी. पॉइंट शूज कितीही स्वस्त दिसले तरी घेऊ नका. पायात तेवढी ताकद येईपर्यंत, म्हणजे काही वर्षं, ते कपाटातच राहतील आणि तेच चांगलं.

कॅनव्हास की लेदर हे फरशी बघून ठरवा. खाली व्हिनाइल असेल तर कॅनव्हास चांगले: हलके, हवा खेळते, हाताने धुता येतात. लाकडी किंवा जरा खरबरीत जमीन असेल तर कॅनव्हासला अंगठ्याखाली लवकर भोक पडतं, तिथे लेदर जास्त टिकतं. लेदर वापरून थोडं सैल होतं, कॅनव्हास धुतल्यावर किंचित आटतो. मापात हा फरक धरा.

सोलबद्दल माझं मत: पहिली जोडी फुल सोल. तळव्याखाली एकसंध पट्टा असल्यामुळे पाऊल ताणताना त्याच्या विरोधात जोर लावावा लागतो आणि तळव्याचे स्नायू कामाला लागतात. स्प्लिट सोलमध्ये मधला भाग मोकळा असतो, पाऊल फोटोत छान दिसतं, पण जोर लागतोच असं नाही.

माप. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा आणि सर्वांत लांब बोटापासून टाचेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पायांचं घ्या, मोठं धरा. मग त्या त्या कंपनीचा तक्ता बघा. रोजच्या चपलेच्या नंबरावर विसंबू नका, ब्लॉक, कपेझिओ, सान्शा यांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. शूज घातल्यावर दोन गोष्टी तपासा. गुडघे वाकवून उभं राहिल्यावर बोटं सपाट पसरलेली हवीत, मुडपलेली नकोत. आणि पाऊल ताणल्यावर टाचेमागचं कापड चिमटीत धरून बघा: जरासं आलं तर ठीक, मोठी घडी आली तर शूज मोठे आहेत. "जरा सैल असू देत" हा हिशेब इथे चालत नाही, पुढचं जास्तीचं कापड बोटांखाली दुमडतं आणि वळताना अडकतं.

इलॅस्टिक. मोठ्यांच्या शूजना बहुतेक वेळा त्याचं एक टोक टाचेकडे शिवलेलं आणि दुसरं मोकळं येतं. शूज घालून दोन्ही पट्ट्या पावलावर एकमेकींना छेद देतील अशा ओढा, जिथे कडेला टेकतात तिथे आतून पेन्सिलने खूण करा आणि दुहेरी दोऱ्याने चौकोनी शिवण घाला. पट्टी सपाट बसावी, पण पावलावर वळ उठता कामा नयेत. शिवताना काठातल्या नाडीच्या बोगद्यातून सुई जाऊ देऊ नका. नाडी शिवली गेली की शूज पुन्हा आवळताच येत नाहीत, आणि ही चूक फार लोक करतात. नाडी आवळून दुहेरी गाठ मारा, दोनेक सेंटिमीटर ठेवून कापा आणि टोकं आत खोचा. बाहेर लोंबणाऱ्या बो मुळे तुम्ही नवीन आहात हे दारातूनच कळतं.

कपडे. लिओटार्ड नसेल तर पहिल्या महिन्यात काही बिघडत नाही. घोट्यापर्यंतची घट्ट लेगिंग आणि आत खोचलेला अंगाबरोबरचा टी शर्ट पुरे. शिक्षकांना गुडघा, खुबा आणि कणा दिसला पाहिजे, मुद्दा तेवढाच. पलाझो, सैल कुर्ता, कमरेला बांधलेली ओढणी नको. लिओटार्ड घ्यायचाच असेल तर छाती-कंबरेबरोबर धडाचा वेढाही मोजा: खांद्यावरून पुढून खाली, पायांमधून मागे आणि परत त्याच खांद्यापर्यंत. उंच बायकांचा लिओटार्ड फसतो तो इथेच, खांद्यावर सारखा ओढला जातो. पाळीच्या दिवसांत वरून काळी शॉर्ट किंवा छोटा रॅप स्कर्ट कोणीही चालवून घेतं.

आणि दागिने. जोडवी काढा, मऊ शूजमध्ये ती शेजारच्या बोटात रुततात. पैंजण, बांगड्या काढा. लांब मंगळसूत्र पुढे वाकताना तोंडावर येतं आणि उडी मारताना हनुवटीवर आपटतं, त्यामुळे आत खोचून वर टेप लावा किंवा तेवढ्यापुरतं काढून ठेवा.

ओसरी

उंबरठाताई, सोलबद्दल थोडा मतभेद. ज्यांची पावलं मुळात कडक, कमान कमी आणि वय तिशीपुढचं, त्यांना कडक फुल सोलमध्ये पाऊल पूर्ण ताणताच येत नाही. मग ती माणसं बोटं मुडपून "टोक" काढतात आणि तळव्यात गोळे येतात. अशांना मऊ लेदरचा फुल सोल किंवा सरळ कॅनव्हासचा स्प्लिट सोल बरा. दुकानात घालून बघता आले तर हातात धरून मध्ये वाकवून बघा. पुठ्ठ्यासारखा मोडत असेल तर ठेवून द्या.

डेकॅथलॉनमध्ये साधे बॅले शूज कधी कधी मिळतात, पण मोठ्यांची मापं पटकन संपतात.

शूज वेळेत आले नाहीत तर पहिल्या दिवशी अनवाणी किंवा पातळ सुती मोज्यांवर भिंतीलगतच्या दांड्यापाशी उभं राहता येईल, शिक्षकांना आधी विचारून. योगाचे सिलिकॉनचे ठिपके असलेले मोजे मात्र नकोत. वळताना पाऊल जमिनीला चिकटून राहतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो.

धोपटमार्ग

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर.

बॅलेचा क्लास जगात कुठेही गेलात तरी साधारण एकाच क्रमाने चालतो. आधी बार, म्हणजे भिंतीलगतचा दांडा धरून करायचे व्यायाम. मग सेंटर, म्हणजे मध्ये येऊन, आधाराशिवाय. मग लहान उड्या, तिरक्या रेषेत जागा कापत जाण्याचे प्रकार आणि शेवटी रेव्हेराँस, म्हणजे नमस्कार. सव्वा तासाच्या नवशिक्यांच्या वर्गात निम्म्याहून जास्त वेळ बारवरच जातो, आणि तो जावा. पहिल्याच दिवशी पिरुएत, म्हणजे एका पायावरची फिरकी, शिकवणारा वर्ग असेल तर मी जरा साशंक होईन.

पूर्ण बारचा क्रम लहान आणि संथ हालचालींकडून मोठ्या आणि जोरकस हालचालींकडे जातो: प्लिए, ताँद्यु, देगाजे, राँ द जाँब, फाँद्यु, फ्रापे, अदाज, ग्राँ बातमाँ. पहिल्या दिवशी यातले पहिले तीन-चार होतील, तेही बहुधा दांड्याकडे तोंड करून, दोन्ही हात ठेवून. शब्द पाठ करून जाण्याची गरज नाही, पण पुढचे सात-आठ कानावरून गेलेले असले की गोंधळ निम्मा होतो.

प्लिए: गुडघे वाकवणे. डेमी म्हणजे टाचा जमिनीवर राहतील इतकेच, ग्राँ म्हणजे पूर्ण. ग्राँ प्लिएत टाचा उचलल्या जातात, फक्त दुसऱ्या पोझिशनमध्ये, म्हणजे पावले अंतरावर असताना, त्या जमिनीवरच राहतात.
ताँद्यु: पाऊल जमिनीवरून घासत पुढे, बाजूला किंवा मागे नेऊन फक्त बोटे टेकलेली ठेवणे. आधी टाच सुटते, मग चवडा, परत येताना आधी चवडा आणि मग टाच.
देगाजे: तेच, पण जोरात, बोटे जमिनीपासून थोडी सुटतात.
राँ द जाँब: पायाने जमिनीवर अर्धवर्तुळ.
रेलेव्हे: चवड्यांवर चढणे.
पोर द ब्रा: हात एका स्थितीतून दुसरीत नेणे.
आँ क्रुआ: पुढे, बाजूला, मागे, बाजूला. हा एक शब्द आला की अर्धा बार समजतो, कारण बहुतेक व्यायाम याच आराखड्यावर बांधलेले असतात.
सोते आणि शाँजमाँ: दोन्ही पायांवरच्या साध्या उड्या, दुसरीत हवेत पावले अदलाबदल करतात.

भाषा फ्रेंच आहे ती फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजामुळे, त्याने १६६१ मध्ये पॅरिसला नृत्याची राजेशाही अकादमी काढली. पण पद्धती पुढे वेगवेगळ्या झाल्या आणि नवशिक्यांचा घोळ तिथे होतो. यूट्यूबवर रशियन वागानोवा पद्धतीचे बघितले आणि वर्ग लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ डान्सचा, म्हणजे आरएडीचा निघाला, तर हातांचे आकडेच जुळत नाहीत. दोन्ही हात डोक्यावर गोल धरले की वागानोवामध्ये ती तिसरी पोझिशन, आरएडीमध्ये पाचवी. देगाजेला आरएडीत ग्लिसे म्हणतात, वागानोवात ताँद्यु जते. म्हणून आधी फोन करून पद्धत विचारा आणि त्याच पद्धतीचे व्हिडिओ बघा. मुंबई-पुण्यात आरएडीच्या परीक्षांची तयारी करून घेणारे वर्ग आहेत.

आता उभे कुठे राहायचे. सर्वजण संकोचाने दांड्याच्या टोकाशी जातात आणि तिथेच फसतात. डावा हात दांड्यावर ठेवून उजव्या पायाने व्यायाम झाला की सर्वजण दांड्याकडे तोंड करून वळतात, आणि मघाशी शेवटी असलेला माणूस आता सर्वांत पुढे येतो. बघून करायला समोर कोणी नाही. मध्ये उभे राहा, म्हणजे दोन्ही बाजूंनी पुढे कोणी तरी असेल. पुढच्यापासून अंतर असे ठेवा की पाय पुढे ताणला तरी त्याला लागणार नाही.

दांड्यावर हात फक्त ठेवायचा, शरीराच्या किंचित पुढे, कोपर सैल. अंगठ्याने विळखा घालून धरलात तर तोल दांडा सांभाळतो आणि मध्ये आल्यावर तुम्ही डुलता. अधूनमधून दोन बोटे उचलून बघा.

शिक्षक व्यायाम एकदाच दाखवतात, तो आठ मात्रांच्या तुकड्यांत. त्या वेळी पाय पूर्ण न वापरता हातांनीच खुणा करत तोंडाने मोजायचे, याला मार्किंग म्हणतात. संगीत सुरू झाल्यावर पहिल्या चार मात्रा हात उघडायच्या तयारीच्या असतात. तेव्हाच पाय हलवू नका.

कोकमसरबत

खूप उपयोगी! स्टुडिओत विचारलं. पद्धत आरएडी. जमिनीबद्दल म्हणाले, "टाइल्सवर व्हिनाइलचं मॅटिंग आहे." हे चालतं का? आणि भरतनाट्यममुळे पाय बाहेर वळवायची सवय आहेच, तेव्हा ते सोपं जाईल ना?

तिरकीट

भरतनाट्यमच्या प्रश्नाचं उत्तर: सोपं जाईल आणि तेच नडेल.

अरैमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत, तुम्ही खाली बसता आणि तिथेच राहून नाचता. डेमी प्लिए ही थांबण्याची जागा नाही, खाली जाणं आणि वर येणं एकाच संथ गतीत, तळाशी न विसावता. मुळुमंडीची, म्हणजे पूर्ण बैठकीची, सवय असलेले लोक ग्राँ प्लिएत टाचांवर आरामात बसतात. तसं बसलं की मांडीचे स्नायू सुटतात आणि वर येताना गुडघ्याला झटका बसतो. त्यामुळे टाचांवर भार येण्याच्या आधीच परत फिरा.

वर आल्यावर गुडघे पूर्ण सरळ. भरतनाट्यमवाल्यांचे गुडघे नेहमी थोडे वाकलेले राहतात, हे शिक्षक पहिल्या पाच मिनिटांत सांगतील. कंबर मागे काढून छाती पुढे देण्याची सवय असेल तर तीही सोडावी लागेल. ओटीपोट किंचित वर, शेपटाचं हाड सरळ जमिनीकडे.

पाऊल आपटायचं नाही. तट्टू अडवू विसरा. उडीवरून उतरताना आधी बोटं, मग चवडा, मग टाच, आणि आवाज शक्य तितका कमी.

हात: नाट्यारंभात, म्हणजे भरतनाट्यमच्या सुरुवातीच्या हस्तस्थितीत, कोपर खांद्याच्या रेषेत ताठ उचललेलं असतं. बॅलेच्या दुसऱ्या पोझिशनमध्ये खांद्यापासून कोपर किंचित खाली, कोपरापासून मनगट आणखी खाली, आणि सगळा हात अंगाच्या जरा पुढे. बाजूला नजर न वळवता दोन्ही हात डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले पाहिजेत. बोटं मोकळी, अंगठा मधल्या बोटाकडे झुकलेला. पताक (बोटं ताठ जुळवलेली मुद्रा) धरलेला हात लांबूनही ओळखू येतो.

आता पाय बाहेर वळवणं. पावलं किती उघडतात याला महत्त्व नाही, खुब्यातून मांडी किती फिरते याला आहे. तपासायची सोपी पद्धत: पावलं समांतर ठेवून उभ्या राहा, पुढचे चवडे उचला, टाचांवर भार देऊन मांड्या आतून बाहेर फिरवा आणि चवडे खाली टेकवा. जिथे टेकले ती तुमची पहिली पोझिशन, म्हणजे टाचा जुळवून उभं राहण्याची स्थिती. बहुतेक मोठ्या माणसांचा कोन ९० ते १०० अंशांच्या आसपास भरतो, काहींचा त्याहून कमी. मग डेमी प्लिए करा आणि खाली बघा: गुडघा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का? आत येत असेल तर पावलं अजून मिटा. पावलं १८० अंशांत उघडून गुडघे पुढेच राहिले की तळव्याची कमान आतल्या बाजूला कोसळते, आणि गुडघ्याच्या आतल्या कडेला कळ सुरू होते. भार तळव्याच्या तीन ठिकाणी हवा: अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ, टाच.

कथकवाल्यांसाठीही एक सांगते, कोणी वाचत असेल तर. नजर एका ठिकाणी रोखून मान शेवटी झटकन फिरवण्याची चक्करची सवय इथे सोन्यासारखी कामाला येते. पण कथकात चक्कर टाचेवर फिरते, पिरुएत चवड्यावर. त्या सवयीने टाच खाली टेकली की फिरकी तिथेच मरते.

फिजिओ_कट्टा

जमिनीबद्दल. व्हिनाइल फक्त घसरण कमी करतं, धक्का शोषत नाही. धक्का शोषला जातो तो खाली लाकडी पट्ट्यांची किंवा फोमवर प्लायवूडची उचललेली जमीन असेल तर. टाइलवर थेट व्हिनाइल म्हणजे पायाला काँक्रीटच. बारचे व्यायाम त्यावर चालतील. सलग उड्या नकोत, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत. शिक्षकांना सांगून सोतेच्या जागी डेमी प्लिए आणि रेलेव्हे करा, लय तीच ठेवा. नडगीच्या आतल्या कडेला बोटाने दाबल्यावर दुखू लागलं तर उड्या पूर्ण बंद.

महिनाभराचा घरचा व्यायाम. स्प्लिटच्या मागे लागू नका, त्याचा पहिल्या वर्गाशी संबंध नाही. कामाचे आहेत ते चवडे, घोटे आणि खुबे.

चवड्यांवर चढणं: भिंतीला दोन बोटं लावून, पावलं समांतर, दोन मात्रांत वर, चार मात्रांत खाली. १२ चे दोन संच, एक दिवसाआड. वर गेल्यावर भार अंगठा आणि शेजारच्या बोटावर. घोटा करंगळीकडे कलंडला तर तिथेच थांबा, पाय मुरगळतो तो याच दिशेने. तिसऱ्या आठवड्यापासून एका पायावर, जमतील तेवढेच.

तळव्याची कमान: बसून, पाऊल जमिनीवर, बोटं लांब ठेवून अंगठ्याचं मूळ टाचेकडे खेचा. ५ सेकंद, १० वेळा. बोटं मुडपली तर ते मोजू नका.

एका पायावर उभं राहणं: ३० सेकंद, दोन्ही पाय, रोज. दात घासताना करा.

खुबा: कुशीवर झोपून, गुडघे वाकवून, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा उघडा. कंबर मागे कलंडू देऊ नका. १२ चे दोन संच. सोपं वाटलं तर गुडघ्यांवर रबरी पट्टा.

क्लासआधी दहा मिनिटं: जागेवर चालणं किंवा जिना दोनदा चढउतार, घोट्यांची वर्तुळं, पाय पुढे-मागे हलके झुलवणं, आठ-दहा सावकाश चवडे. थंड अंगाने मिनिटभर धरून ठेवायचे ताण आधी नको, ते क्लासनंतर. पाऊल ताणताना तळव्यात गोळा आला तर बोटं ओढण्याची घाई केली आहे असं समजा. आधी घोटा, मग चवडा, बोटं सर्वांत शेवटी आणि लांब.

दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि मांड्यांची आतली बाजू दुखेल, दोन-तीन दिवसांत जाईल. सांध्यात, गुडघ्याच्या आतल्या बाजूला किंवा टाचेमागच्या शिरेत टोचणारं दुखणं वेगळं, ते अंगावर काढू नका. जुनी दुखापत, गरोदरपण, रक्तदाब असं काही असेल तर पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगा.

उंबरठा

ओसरीचं सोलबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, शूज हातात वाकवून बघायचा सल्ला माझ्याकडून राहिला होता.

केसांचं राहिलं. अंबाडा घाला, पण लग्नातला नाही. हनुवटीपासून कानावरून वर जाणारी रेष डोक्याच्या मागे जिथे पोचते तिथे पोनी बांधा. केस पिळून त्या पोनीभोवती चकतीसारखे सपाट गुंडाळा, वर बारीक जाळी, मग यू पिना. पिन आधी उभी खुपसून टाळूजवळचे थोडे केस पकडायचे आणि मग आडवी करून मध्याकडे सरकवायची. सहा-आठ पिना पुरतात. फार लांब केस असतील तर आधी वेणी घालून मग गुंडाळा. उंच, जड अंबाडा फिरताना डोकं मागे ओढतो. गजरा अर्थातच नको, फुलं व्हिनाइलवर पडली की कोणीतरी घसरतं.

त्याच कारणासाठी क्लासच्या दिवशी पायाला खोबरेल किंवा क्रीम लावू नका. कॅनव्हासमधून तेल झिरपतं आणि जमिनीवर डाग राहतो. बॅले शूज रस्त्यावरून किंवा जिन्यातून घालून जाऊ नका. सोलला लागलेली खडी व्हिनाइल फाडते, स्टुडिओवाले यावर चिडतात आणि रास्त चिडतात. घसरू नये म्हणून कोणी शूजना राळ लावायला सांगितली तर आधी विचारा, व्हिनाइलवर बऱ्याच ठिकाणी तिला मनाई असते.

विटीदांडू

मध्येच घुसतोय. मीही अशाच बॅचमध्ये नाव घातलंय. मुलांनी काय घालायचं? डान्स बेल्ट (पुरुष नर्तकांचं आधार देणारं अंतर्वस्त्र) लागतोच का? विचारायला स्टुडिओत संकोच वाटतो.

धोपटमार्ग

पहिल्या काही वर्गांना घट्ट अंतर्वस्त्र, त्यावर सायकलिंग शॉर्ट किंवा काळी टाइट आणि अंगाबरोबरचा टी शर्ट इतके पुरे. टी शर्ट आत खोचावा, नाहीतर ओटीपोट आणि कंबर दिसत नाही. उड्या आणि मोठे ग्राँ बातमाँ (पाय जोरात वर फेकणे) सुरू झाले की डान्स बेल्ट घ्यावा. क्रिकेटचा सपोर्टर त्याऐवजी चालत नाही. त्याचे पट्टे टाइटखाली उठून दिसतात, आणि आधार पुढून वर मिळायला हवा तो त्यात मिळत नाही. डान्स बेल्टला मागे एकच बारीक पट्टी असते, पुढचा भाग पातळ अस्तराचा. माप कंबरेवरून. घालताना सर्व वरच्या दिशेने बसवायचे, खाली किंवा बाजूला नाही. पहिला अर्धा तास अवघडल्यासारखे वाटते. फार काचत असेल तर एक माप मोठा घ्या.

शूज बहुतेक पुरुष काळे किंवा पांढरे घेतात. पहिल्या उड्या बहुधा सर्वांना सारख्याच असतात, पोर द ब्राही तेच.

सायसाखर

माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिच्यासाठी हेच सगळं लागू का? आणि पॉइंटवर कधी?

ओसरी

शूज वाढत्या मापाचे घेऊ नका, एवढं सर्वांत महत्त्वाचं. युनिफॉर्मसारखं "पुढच्या वर्षीही होतील" म्हणून एक नंबर मोठे घेतले की मूल अडखळतं. लहान मुलांच्या शूजना आडवं एकच इलॅस्टिक शिवलेलं येतं, ते ठीक. या वयात खेळ, ताल, चालणं, उडी, रांगेत थांबणं एवढंच शिकवतात आणि पाय जबरदस्तीने बाहेर वळवून घेत नाहीत. घेत असतील तर क्लास बदला. पॉइंटचा विचार साधारण ११-१२ वर्षांआधी नको, तोही सलग काही वर्षं शिकून झाल्यावर, शिक्षकांनी घोटा, पाऊल आणि पोटाची ताकद तपासली की. वाढदिवसाची भेट म्हणून तर मुळीच नको.

टेम्सकाठ

परदेशात हा धागा वाचणाऱ्यांसाठी एक. लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या स्टुडिओंत तिकीट काढून एकेक क्लास करता येतो. तिथल्या फलकावर "बिगिनर" लिहिलं म्हणून जाऊ नका, त्या वर्गात बारचे सगळे शब्द येतात असं बहुधा गृहीत धरलेलं असतं. "अ‍ॅब्सोल्यूट बिगिनर" किंवा "इंट्रो" शोधा. "ओपन" म्हणजे व्यावसायिक नर्तकही शेजारी असतील.

वागण्याचे नियम इथे-तिथे सारखेच. पंधरा मिनिटं आधी पोचा. प्लिए होऊन गेल्यावर आलात तर दारातच थांबून शिक्षकांची नजर मिळेपर्यंत आत शिरू नका. फार उशीर झाला असेल तर बसून बघा, थंड पायांनी मध्येच उड्यांना उभं राहणं धोक्याचं. शिक्षक आणि वर्ग यांच्या मधून चालत जाऊ नका. तिरक्या रेषेत जाताना आपला गट पुढे गेला की कडेने परत या, मधून नाही. सूचना मिळाली की मान डोलवून पुन्हा करून दाखवा, स्पष्टीकरण देत बसू नका. काही शिक्षक हाताने खांदा किंवा पाय धरून दुरुस्त करतात. नको असेल तर क्लासआधी सांगितलेलं कोणालाही खटकत नाही. शेवटी रेव्हेराँस झाल्यावर टाळ्या वाजवतात, तेव्हा गडबडून आधीच बॅग उचलू नका.

कोकमसरबत

सर्वांचे आभार. शूज मागवलेत, कॅनव्हास, फुल सोल, हातात वाकवून नाही बघता आले पण परत करता येतात. उड्यांबद्दल स्टुडिओशी बोलणार आहे. शेवटचा प्रश्न: क्लास संध्याकाळी सातला आहे, ऑफिसातून थेट. खाऊ कधी? आणि पावसाळ्यात कॅनव्हासला वास येतो म्हणतात.

फिजिओ_कट्टा

पाच-साडेपाचला पोहे, उपमा किंवा पोळी-भाजी, नेहमीच्या निम्म्याने. साडेसहाला हवं तर केळं. वडापाव, मिसळ क्लासनंतर. पाणी दिवसभर थोडं थोडं, क्लासआधी एकदम अर्धा लिटर नको.

उंबरठा

वास येतोच. क्लास संपल्याबरोबर शूज प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. सुती पिशवी ठेवा आणि घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली वाळवा. आठवड्यातून दोनदाच क्लास आहे म्हणजे मध्ये वेळ आहे. महिन्यातून एकदा गार पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने धुवा. घट्ट पिळू नका, पिळल्यावर सोलचा चिकटवलेला भाग सुटतो. आकार हाताने नीट करून सावलीत वाळवा, कडक उन्हात कॅनव्हास पिवळा पडतो. लेदरचे असतील तर पाणी अजिबात नाही, आतून ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली. आणि बॅगेत एक छोटा नॅपकिन ठेवा: मुंबई-ठाण्याच्या दमटपणात घाम व्हिनाइलवर ठिबकतो, आपल्या जागेवरचा आपण पुसायचा.